करारनाम्यात ९०० मिलिमीटरचं दार लिहून घ्या: पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
मुंबई, ठाणे, पुणे आणि राज्यभरातील पुनर्विकासाला निघालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: नव्या इमारतीत प्रत्येक रहिवाशाला वावरता यावं, यासाठीच्या अटी निविदेत आणि विकास करारनाम्यात घालण्याबाबत

सस्नेह नमस्कार,

तुमच्यापैकी कुणाची विशेष सर्वसाधारण सभा होऊन गेली असेल, कुणी पीएमसी (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) नेमला असेल, कुणाच्या टेबलावर तीन-चार बिल्डरांच्या ऑफर पडल्या असतील. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालची पुनर्विकासाची सगळी वाट ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने आखून दिली आहे. त्या वाटेवर समितीची किती दमछाक होते ते मी जवळून पाहते. नोकऱ्या सांभाळून, रात्री उशिरापर्यंत बसून, सभासदांचे संशय झेलत तुम्ही हे काम करता, तेही विनामोबदला. महापालिकेच्या किंवा बिल्डरांच्या आधी हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, कारण नव्या इमारतीत कोण म्हातारपणापर्यंत राहू शकेल आणि कोणाला मुलाकडे किंवा वृद्धाश्रमात जावं लागेल, हे येत्या काही महिन्यांत तुमच्या सह्यांनी ठरणार आहे.

मी वास्तुविशारद आहे. सोसायटीच्या बाजूने पुनर्विकासाचे नकाशे तपासून देणं हे माझं काम. ऑफरींचा तुलनात्मक तक्ता माझ्यासमोर येतो तेव्हा त्यात ज्यादा कार्पेट किती टक्के, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी) किती, भाडं किती, शिफ्टिंगचे पैसे किती, बँक गॅरंटी कितीची, हे सगळं रकान्यारकान्यांत मांडलेलं असतं. ॲमिनिटीच्या यादीत व्हिट्रिफाइड टाइल्सचा ब्रँड असतो, ओट्याच्या ग्रॅनाइटचा रंग असतो, गच्चीवरची जिम असते. बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती मिळणार, हा रकाना मात्र अजून एकाही सोसायटीने स्वतःहून केलेला मी पाहिलेला नाही.

त्या रकान्याचं महत्त्व पटावं म्हणून पश्चिम उपनगरातल्या एका घराबद्दल सांगते. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, अशी जुनी इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना अर्धांगवायू झाला आणि त्यांचं खाली उतरणं बंद झालं. नवी इमारत झाली की लिफ्टने खाली नेता येईल, या आशेवर घरच्यांनी भाड्याच्या घरात दिवस काढले. चाव्या मिळाल्या. लिफ्ट आली, टेरेस गार्डन आलं, पहिल्यापेक्षा घरही मोठं मिळालं. आणि व्हीलचेअर बाथरूमच्या दारात अडली. नकाशात दार ७५० मिलिमीटरचं होतं. दोन्ही बाजूंची चौकट ८० खाते. पल्ला पूर्ण उघडला तरी त्याच्या जाडीने आणखी ३० जातात. उरले ६४०. साधी, बाजारात मिळणारी व्हीलचेअर ६५० च्या आसपास असते. वर बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटची उंच पट्टी. आता काकू आणि ब्युरोकडून आलेल्या मावशी मिळून काकांना दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर घेतात आणि ती खुर्ची ओढत आत नेतात. आयुष्यभर दुसऱ्यांसमोर शर्टाचं वरचं बटणही न काढलेला माणूस दार उघडं ठेवून आंघोळ करतो, कारण ती खुर्ची आत गेली की दार लागत नाही.

दार रुंद करून द्याल का, असं त्यांच्या मुलाने मला विचारलं. मी मोजमाप घेतलं. एका बाजूला आरसीसी कॉलम, दुसऱ्या बाजूला पाइपांची डक्ट. करण्यासारखं काही नव्हतं. हेच दार नकाशावर असताना पेन्सिलीच्या एका रेघेने रुंद झालं असतं.

म्हणून माझी सगळ्यात आग्रहाची विनंती या दारांबद्दल आहे. घराचं मुख्य दार, निदान एका बेडरूमचं आणि निदान एका बाथरूमचं दार, ‘पल्ला उघडल्यावर मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर’ असं करारात लिहून घ्या. नुसतं ‘९०० चं दार’ लिहिलं तर चौकटीसकट ९०० मिळेल आणि पुन्हा तेच होईल. ९०० मोकळे मिळायला भिंतीत साधारण १,०२० ते १,०५० मिलिमीटरची फट सोडावी लागते, हे पीएमसीला ठाऊक असतं. तुम्ही फक्त विचारायचं. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही.

जागेबद्दल शंका येईल. पुनर्विकासात बाथरूम बहुधा चार बाय सात फुटांचं निघतं, म्हणजे २८ चौरस फूट. ते पाच बाय सात केलं की ३५ होतं. फरक सात चौरस फुटांचा. त्या सात फुटांत कमोडशेजारी व्हीलचेअर उभी करता येते, आंघोळ घालणाऱ्या माणसाला उभं राहता येतं. टू बीएचकेमध्ये दोन बाथरूम असतील तर एक मोठं आणि एक लहान करा; एकूण कार्पेट तेवढंच राहतं. हॉलमधला एखादा फूट कमी झालेला चार महिन्यांत लक्षातही राहत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. आजकाल आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात. हलक्या, झटपट उभ्या राहणाऱ्या. त्यांत साधा स्क्रू धरत नाही. कमोडजवळ धरायची दांडी बसवायला सुतार किंवा प्लंबर येतो, ड्रिल करतो, दांडी लावून जातो आणि पुढे कधीतरी सत्तर किलोचा माणूस तिच्यावर भार टाकून उठायला गेला की दांडी भिंतीतून उपटून हातात येते. नेमकी जी वस्तू पडण्यापासून वाचवायला लावली, तिच्यामुळेच खुब्याचं हाड मोडतं. उपाय भिंत बांधताना करायचा असतो. कमोडच्या आणि शॉवरच्या बाजूला, दांडी येणार त्या उंचीला, काँक्रीटचा पट्टा किंवा भरीव विटांचे थर घालायचे आणि टाइल लावण्याआधी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या दप्तरी ठेवायचा. दांड्या आज लावायची गरज नाही. ज्याला लागतील तो दहा वर्षांनी लावेल, भिंत तयार असेल.

अमेरिकेच्या फेअर हाउसिंग कायद्यात नेमकी हीच अट आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे अशाच इमारतींत राहतात म्हणून सांगते. त्या कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती झाली. १३ मार्च १९९१ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या, चार किंवा अधिक घरं असलेल्या इमारतींना सात गोष्टी सक्तीच्या झाल्या: पायरीविना प्रवेश, वापरता येतील अशा सामायिक जागा, रुंद दारं, घरात विनाअडथळा वाट, हात पोचेल अशा उंचीला स्विच, बाथरूमच्या भिंतीत दांड्यांसाठी आधार, आणि खुर्चीवरून वापरता येईल असं स्वयंपाकघर व बाथरूम. लिफ्ट असेल तर इमारतीतल्या सगळ्या घरांना हे लागू, नसेल तर तळमजल्याला. ‘अपंगांसाठी दोन फ्लॅट राखीव’ असा तो विचारच नाही. आणि हा नियम मोडला तर सरकार बिल्डरवर आणि आर्किटेक्टवरही खटला भरतं, बांधून झालेल्या इमारती स्वखर्चाने दुरुस्त करायला लावतं.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २ उघडून बघा. ‘खासगी आस्थापना’ म्हणजे कोण, याची तिथे व्याख्या आहे, आणि कंपनी व फर्म यांच्या जोडीला त्यात सहकारी संस्थाही आहे. तुमचा बिल्डर त्यात येतो, तुमची सोसायटीही येते. कलम ४४ म्हणतं की केंद्राने केलेल्या सुगम्यतेच्या नियमांत नकाशा बसत नसेल तर आस्थापनेला बांधकामाची परवानगीच द्यायची नाही, आणि ते नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, ताबाही घेऊ द्यायचा नाही. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं?

तरीही ६४० मिलिमीटरच्या दाराला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळते. याची कारणं तुम्हाला माहीत हवीत. एक म्हणजे, याच कायद्यातल्या ‘सार्वजनिक इमारत’च्या व्याख्येत शाळा, दवाखाने, कार्यालयं, न्यायालयं, रेल्वे स्थानकं अशी नावं आहेत, राहती घरं नावाने नाहीत. ३ डिसेंबर २०१५ ला सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाचं लक्षही सरकारी इमारती, स्थानकं, विमानतळ यांवर राहिलं. घर मागे पडलं. दुसरं कारण अधिक गंभीर आहे. याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवत होता, आणि ती तत्त्वं शिफारशीच्या भाषेत होती. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला. तत्कालीन सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती करतो आणि नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. सक्तीचे किमान नियम वेगळे काढायला केंद्राला तीन महिने दिले. त्यानंतर पूर्णत्वाचे दाखले रोखणं आणि दंड करणं यांची अंमलबजावणी व्हावी, असंही बजावलं.

दंड मात्र कलम ८९ मध्ये पहिल्या वेळेला १० हजारांपर्यंत आहे, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख. कोट्यवधींच्या प्रकल्पात बिल्डरला याची झळ लागत नाही. नकाशा तपासणाऱ्या खिडकीवर हे सगळं काटेकोर पाहिलं जाईल तेव्हा जाईल. तुमची इमारत त्याआधी उभी राहणार आहे. तुमचा करारनामा मात्र बिल्डरला आजही बांधतो. त्यातली अट मोडली तर तुम्ही ताबा नाकारू शकता, बँक गॅरंटी अडवू शकता, न्यायालयात जाऊ शकता. एवढी ताकद आज या विषयात दुसऱ्या कुणाच्या हाती नाही.

आता प्रवेशद्वाराकडे येते. नव्या इमारतींचं जोतं उंच घेतात, पावसाचं पाणी लॉबीत येऊ नये म्हणून ते योग्यच आहे. मग तीन-चार ग्रॅनाइटच्या पायऱ्या येतात आणि ओसीपूर्वी घाईघाईने एका कोपऱ्यात रॅम्प चिकटवला जातो. रॅम्पचा उतार १ ला १२ हवा, त्याहून तीव्र नको. चार पायऱ्या म्हणजे ६०० मिलिमीटर चढ, त्याला ७.२ मीटर लांब रॅम्प लागतो, शिवाय वर-खाली वळायला मोकळी सपाट जागा. सात मीटर जागा शेवटच्या महिन्यात मिळत नाही. मग दोन-अडीच मीटरचा, घसरगुंडीसारखा उतार करून देतात. त्यावरून व्हीलचेअर ढकलणारा माणूसही घसरतो. गाड्यांचा पोडियमवर जाणारा रॅम्प हाच तुमचा रॅम्प, असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका. समोरून गाडी येत असताना तिथून खुर्ची नेणं जिवावरचं आहे.

लिफ्टपैकी निदान एक १३ माणसांची, ९०० मिलिमीटर दाराची घ्या, आणि एक तरी अशी असू द्या की जिच्यात स्ट्रेचर आडवा मावेल. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये पेशंटला खुर्चीवर बसवून, सलाइन हातात धरून उतरवताना तुम्ही पाहिलं असेल. लिफ्टच्या बटणांवर उठावाचे आकडे आणि मजला सांगणारा आवाज ही मागायची गोष्ट आहे, तिचा खर्च किरकोळ आहे. ऐकू न येणाऱ्या रहिवाशासाठी आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवा हवा.

उंबरठ्याबद्दल काही ज्येष्ठ सभासद हळवे असतात, आणि ते मी समजू शकते. लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू कुठे वाहायचं? वेगळ्या रंगाच्या दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत, कडा उतरत्या करून बसवा. पूजा होते, ठेच लागत नाही.

सभेत हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘आपल्या सोसायटीत तसं कुणी नाही.’ ज्या इमारतीत लिफ्ट नाही तिची सभा गच्चीवर किंवा खाली आवारात भरते. ज्याला जिना चढता-उतरता येत नाही तो सभेला येतच नाही. त्याच्या वतीने मुलगा किंवा सून येते आणि भाड्याबद्दल विचारते. तुमच्या इमारतीत असे किती दरवाजे आहेत, ते एका रविवारी घरोघरी जाऊन विचारा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले, आणि साठीपुढची माणसं लोकसंख्येच्या सुमारे १० टक्के होती. तेव्हापासून राज्य अधिक म्हातारं झालं आहे. पन्नास वर्षं टिकायच्या इमारतीत आज पंचेचाळिशीचे असलेले सचिवही म्हातारे होणार आहेत.

महारेराने (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने) २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना किमान निकष घालून दिले, ही चांगली गोष्ट झाली. पण ते ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांपुरते आहेत. आपल्या आई-वडिलांना अशा प्रकल्पात जायचं नसतं. त्यांना याच गल्लीत, ओळखीच्या भाजीवाल्याजवळ राहायचं असतं.

ज्यांचा पुनर्विकास अजून दूर आहे, त्या समित्यांनाही एक सांगायचं आहे. एखादा सभासद स्वखर्चाने जिन्याला कठडा किंवा प्रवेशाला रॅम्प करायची परवानगी मागतो, आणि समिती ‘एलिव्हेशन बिघडतं’, ‘एक पार्किंग जातं’ म्हणून अर्ज महिनोन्‌महिने ठेवून देते, हे सर्रास चालतं. अपंगत्व असलेल्या भाडेकरूला ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणून परत पाठवलं जातं. वाजवी सोय नाकारणं हा २०१६ च्या कायद्याने भेदभाव मानला आहे. पार्किंगच्या सोडतीचंही तसंच. चालता न येणाऱ्या सभासदाच्या नावाने यांत्रिक पार्किंगमधला वरचा मजला निघतो आणि सगळे म्हणतात, सोडत होती, सगळ्यांना सारखी. त्याला खालची, ३.६ मीटर रुंदीची जागा सोडतीआधीच द्या. खुर्ची उतरवायला गाडीशेजारी तेवढी जागा लागतेच.

बिल्डर या सगळ्याचे वेगळे पैसे मागेल का? निविदेआधी सांगितलं तर बहुतेक गोष्टी त्याच्या दरात सामावतात. दार थोडं रुंद, भिंतीत एक पट्टा, स्विच सव्वा मीटरहून खाली: यांना खर्च जवळपास नाही. लिफ्टला आहे, तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. ऑफर स्वीकारल्यानंतर मागितलं तर मात्र प्रत्येक गोष्टीचं वेगळं बिल येईल किंवा ‘आता स्लॅब पडला’ असं उत्तर येईल. स्वयंपुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांना तर कुणाकडे मागायचीही गरज नाही, त्यांनी आपल्याच आर्किटेक्टला सांगायचं आहे.

येत्या सभेत मांडण्यासाठी ठरावाचा मसुदा देते. शब्द तुमच्या सोयीने बदला, आकडे बदलू नका.

‘असा ठराव करण्यात येतो की संस्थेच्या पुनर्विकासाच्या निविदेत व विकास करारनाम्यात पुढील अटी समाविष्ट करण्यात याव्यात. इमारतीचा प्रवेश, लॉबी, लिफ्ट व सर्व सामायिक जागा पायरीविना वापरता येतील. रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नसेल. प्रत्येक सदनिकेचे मुख्य दार, एक शयनगृह व एक बाथरूम यांच्या दारांची मोकळी रुंदी किमान ९०० मि.मी. असेल. सदर बाथरूमच्या भिंतींत आधारदांड्यांसाठी भरीव पट्टा असेल. किमान एक लिफ्ट १३ व्यक्ती क्षमतेची व एक स्ट्रेचर मावेल अशी असेल. पीएमसीने २०२१ ची केंद्रीय सुगम्यता मानके व राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ यांनुसार नकाशांचा तपासणी अहवाल सभेपुढे ठेवल्याशिवाय संस्था नकाशांना संमती देणार नाही. ताब्यापूर्वी या अटींची जागेवर मोजणी होईल व त्रुटी दूर होईपर्यंत बँक गॅरंटी मुक्त केली जाणार नाही.’

ठराव मंजूर झाल्यावर त्याची प्रत पीएमसीच्या नेमणूकपत्राला जोडा आणि इतिवृत्तात नोंदवा. व्यवहार्यता अहवाल आधीच आला असेल तरी नकाशे महापालिकेत दाखल होईपर्यंत वेळ आहे. आयओडी (महापालिकेची नकाशांना प्राथमिक मंजुरी) मिळाल्यावर बदल करायला सुधारित नकाशे, पुन्हा शुल्क आणि पुन्हा महिने जातात.

आपली,
सोसायट्यांचे नकाशे तपासणारी एक वास्तुविशारद